गळ्यातला निळा

बाबांचा डोळा हा आमच्या घरातला एकमेव दागिना, असं आई म्हणायची. कधी कौतुकानं म्हणायची, कधी वैतागून. बाबा सुताला रंग देणाऱ्या एका कारखान्यात रंगमास्तर होते. गिऱ्हाईक बोटभर कापडाचा तुकडा आणून टाकायचं आणि त्या तुकड्याचा रंग सुताच्या शेकडो लड्यांवर जसाच्या तसा उतरवायचा, एवढंच त्यांचं काम. कुठला रंग किती घ्यायचा हे ते एका चिठ्ठीवर लिहीत. काट्यावरचा माणूस त्याप्रमाणे रंगाची पूड तोलून देई. उकळत्या टाकीतून पहिली लडी निघाली की बाबा ती पिळून, हाताच्या पंख्यानं वाळवून, कारखान्याच्या उत्तरेकडच्या दरवाज्यात नेत. ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्याला ते रंगारी समजत नसत. दरवाज्यात उभं राहायचं, डाव्या हातात नमुना, उजव्या हातात लडी, आणि फक्त एक नजर. दुसऱ्या नजरेला डोळा थकलेला असतो, तो खोटं बोलतो, असं ते सांगत. मग शेड जुळली की नाही यावर एक शब्द: "लागली" किंवा "न्हाय लागली." त्या शब्दावर टाकी पुढे जायची किंवा थांबायची.

आम्ही कामतघरात एका चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. खाली कापड विणणारे लूम होते. त्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत नसे, ते बंद पडले की मात्र आम्ही दचकून इकडेतिकडे बघायचो. पाण्याच्या तांब्यावर दिवसभर बारीक वर्तुळं उठत. आई सुकट भाजायला घेई तेव्हा तो वास जिन्यावरून खाली जाई आणि लूमवरचे कामगार वर बघून ओरडत, "भाभी, आज क्या है?" आई वरून सांगे, "वही जो कल था!" बाबांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असे, आणि ती बाबा एकटे कधी खात नसत. काट्यावर बसणारे हनीफभाई हे त्यांचे डब्याचे सोबती होते. हनीफभाई उत्तरेकडून आलेले, बाबांपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, अंगानं सडपातळ आणि बोलायला कमी. बाबांनीच त्यांना हमालीतून उचलून काट्यावर बसवलं होतं. त्यांच्या डब्यातली अरबी, म्हणजे अळकुड्यांची भाजी, बाबांकडे येई, बाबांची चटणी त्यांच्याकडे जाई. हे किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. मला कळायला लागलं तेव्हापासून ते तसंच होतं.

मी ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्या वर्षी बाबांचा वाचायचा चष्मा सुटला. पन्नाशी उलटलेल्या माणसाचा चष्मा सुटतो याचं चाळीत फार कौतुक झालं. बाबा वर्तमानपत्र वीतभर अंतरावर धरून बारीक अक्षरातल्या जाहिराती वाचून दाखवत आणि शेजाऱ्यांना म्हणत, "बघा, रंगाऱ्याचा डोळा आहे." त्याच वर्षी त्यांची आणि आईची निळीवरून भांडणंही सुरू झाली. वैशाख पौर्णिमेला आमच्याकडे सगळे पांढऱ्या कपड्यांत विहारात जात. घरात खीर होई, आणि आदल्या दिवशी आई पांढरे कपडे नीळ घालून धुवायची. बाबा दोरीवरची साडी बोटांनी चाचपून म्हणाले, "पिवळी दिसते. नीळ कमी पडली." आईनं पुन्हा घातली. तरी बाबा म्हणाले, अजून. तिसऱ्या वेळेला आईनं बादली त्यांच्यासमोर आदळली. "तुमची नीळ तुम्हीच घाला! शेजारच्या विचारतात, वहिनी, तुमचं घर काय आभाळात आहे का?" त्या पौर्णिमेला आम्ही तिघंही फिकट निळ्या कपड्यांत गेलो. आई वाटभर आमच्यापासून चार पावलं लांब चालली. मी हसत होते. पुढे आयुष्यभर बातम्या लिहिल्या, आणि बहुतेक बातम्यांत पहिली खूण कुणाच्या तरी अंगणात वाळत असते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी करत होते. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली होती. सुट्टीत एक प्राणी निवडून त्याचं निरीक्षण करायचं आणि वही पुरी करून आणायची, असं सरांनी सांगितलं होतं. बाकीच्यांनी कावळा, मुंगी, पाल असे घरबसल्या होतील ते प्राणी घेतले. मी सरडा घेतला, कारण वडप्याला माझी आत्या राहायची आणि तिच्या घरामागच्या माळावर एक सरडा आहे असं तिनं सांगितलं होतं. "गल्याला छत्री हाय त्याच्या," असं ती म्हणाली होती. आज त्या माळावर गोदामं आहेत. पत्र्याच्या पांढऱ्या छपरांखाली देशभरात जाणारी खोकी पडलेली असतात आणि बाहेर कंटेनर रांगेत उभे असतात. तेव्हा तिथं फक्त काळे दगड, वाळलेलं गवत आणि दूरवर महामार्गाचा आवाज होता.

छत्री म्हटलं तर छत्री, पंखा म्हटलं तर पंखा. वीतभरही नसलेला, दगडासारखाच करडा सरडा. तो नुसता बसला असेल तर त्याच्यावर पाय पडेल, इतका तो जमिनीचा भाग होऊन जातो. पहिले दोन दिवस मला एकही दिसला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला समोरच्या दगडावर काहीतरी पेटलं आणि विझलं. मी थांबले. पुन्हा पेटलं. एक सरडा पुढच्या पायांवर ताठ उभा राहिला होता आणि हनुवटीपासून छातीच्याही खालपर्यंत कातडीची एक घडी त्यानं झटक्यात उघडली होती. वर निळा, मध्ये काळा, खाली नारिंगी. तो निळा मी कुठल्याही कपड्यावर पाहिला नव्हता, आणि मी रंगाऱ्याची मुलगी होते. सरड्यानं मान वळवली की तो हलायचा, मोरपंखाकडून जांभळाकडे जायचा आणि परत यायचा. मग घडी मिटली आणि दगडावर पुन्हा दगड राहिला.

माळावर शेळ्या चारणाऱ्या कमळाबाई मला रोज बघत. त्या दिवशी त्या जवळ आल्या.

"काय गो, त्याला कशाला बघतंस? त्यो रगत पितो."

"कुणाचं?"

"बघील त्याचं. लांबसून व्हढतो. गला लाल हाय त्याचा, दिसत न्हाय तुला?"

"मी तीन दिवस बघतेय, मावशी. मला काही झालं नाही."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुज्यात हायच कुठं रगत, त्यो बिचारा काय पिनार?" असं म्हणून त्या शेळ्यांमागे निघून गेल्या.

मी वहीत नोंदी ठेवू लागले. त्या नोंदी आजही कोरड्या वाटतात. प्रत्येक नराचा एक दगड ठरलेला. दुसरा नर त्या दगडाजवळ आला की दोघं समोरासमोर गळे उघडत. बहुतेक वेळा एवढ्यावरच निकाल लागे आणि एक जण निघून जाई. चावाचावी क्वचित. मादी आली की नर जे काही होतं ते सगळं काढून दाखवी: मान डोलावणं, गळा उघडणं, मिटणं, पुन्हा उघडणं. मादी तपकिरी, साधी, गळ्याला काहीच नाही. ती जरा वेळ बघे, एक मुंगी खाई, पुन्हा बघे आणि बहुतेक वेळा चालू लागे. एकदा एक नर सर्वांत उंच दगडावर गळा उघडून उभा असताना शिक्रा हा शिकारी पक्षी तिरपा खाली आला. आवाज झाला नाही. दगड मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दगडावर दुसरा नर, तसाच ताठ, तोच निळा उघडून उभा होता.

हे मी सरांना विचारायला गेले. जो रंग शिक्र्याला बोलावतो तो रंग या जातीत टिकला कसा? सर खिडकीत पेरू कापत बसले होते. ते म्हणाले, "शिक्रा बघतो, हे खरं. पण अजून कोण बघतं?" मी म्हटलं, मादी. "ती काय करते?" मी म्हटलं, बहुतेक वेळा निघून जाते. "आणि ज्याच्यापाशी थांबते त्याचीच पिल्लं होतात. असं किती पिढ्या चाललं असेल, मोज बघू." त्यांनी पेरूची फोड माझ्यापुढे केली. "रंग नराच्या अंगावर आहे, सुमन. पण तो रंगवला मादीच्या डोळ्यानं. शिक्र्याच्या डोळ्यानं त्याला घडी घालायला शिकवली." मी ती फोड हातात धरूनच घरी आले. लाखो वर्षं, दर उन्हाळ्यात, तपकिरी रंगाच्या माद्या दगडांमधून हिंडत, बघत आणि बहुतेकांना नाकारत आल्या, आणि त्या नाकारण्यातून हा निळा साठत गेला. जगात बघणारा डोळा आधी होता, रंग नंतर आला.

घरी मी बाबांना या निळ्याबद्दल सांगत असे आणि ते व्यवसायाचे प्रश्न विचारत. पक्का आहे का? पाण्यात सुटतो का? एकदा महामार्गाच्या कडेला चिरडून वाळलेला एक नर मिळाला. त्याचा गळा मी कागदात गुंडाळून आणला. बाबांनी तो आईच्या वाटीत सोड्याच्या पाण्यात उकळला. नारिंगी भागातून पाण्यात किंचित पिवळट झाक उतरली. वरच्या भागातून काही म्हणजे काही उतरलं नाही.

"वरचा काळा आहे," बाबा म्हणाले.

"निळा होता. वाळल्यावर गेला असेल."

"गेला तर कुठं गेला? पाण्यात नाही, वाटीला नाही. रंग असा जात नाही." त्यांनी वाटी उजेडात धरली. "म्हणजे यात निळा घातलेलाच नाही. मग तो दिसतो कशानं?"

तेवढ्यात आईनं वाटी ओळखली आणि संशोधन तिथं थांबलं. पण बाबांचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मला पुढे मिळालं. त्या निळ्यात निळी पूड नसते. कातडीत अतिशय बारीक स्फटिकांच्या चकत्या एकावर एक असतात. उजेड त्यांवर पडला की त्यातला निळा तेवढा परत येतो, आणि उरलेला मागच्या काळ्या थरात बुडतो. काळा मागे नसेल तर तो निळा उठणारच नाही. तीस वर्षं टाक्यांमध्ये निळा उकळणाऱ्या माणसाला, रंगाविना रंग करणारा कारागीर वडप्याच्या माळावर भेटला होता. "हे मला बघायचंय," ते म्हणाले.

त्या दिवसांत त्यांना कारखान्यात त्रास होता. शाळेच्या गणवेशाच्या कापडासाठी नेव्ही ब्ल्यू सूत जात होतं आणि लॉट परत येत होते. एक फार निळा, एक फिका, एक पुन्हा फार निळा. शेठ ओरडत होते. बाबांनी शोध घ्यायचं ठरवलं. एके दिवशी हनीफभाई नमाजाला गेले असताना बाबांनी टाकीत जायची पुडी स्वतः काट्यावर ठेवली. चिठ्ठीत लिहिल्यापेक्षा निळा कमी भरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी. त्यांनी विचारलं, तर हनीफभाई खाली बघत म्हणाले, "गलती हो गई, मास्तर." रोज कशी गलती होईल? शेठनी एकच अर्थ काढला: निळा बाहेर विकला जातोय. शनिवारी हनीफभाईंना काढायचं ठरलं. हे सांगताना बाबांनी भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. "माझ्या ताटातलं खाऊन माझा निळा मारतो," ते म्हणाले. त्या आठवड्यात त्यांचा अर्धा डबा परत येत होता.

शनिवारच्या आदल्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. आम्ही सकाळच्या एसटीनं वडप्याला उतरलो. बाबांच्या पिशवीत शंभरेक नमुन्याच्या छोट्या लड्या होत्या, प्रत्येकीला शेडचा नंबर बांधलेला. माझ्या वहीत "सुंदर निळा", "गडद निळा" असं लिहिलेलं बघून त्यांनी मला आदल्या दिवशी झापलं होतं. सुंदर हा काय रंग आहे? नंबर लिही. सरड्याच्या गळ्याला लडी लावून शेड ठरवायची, अशी त्यांची योजना होती. सरांनी शिकवल्याप्रमाणे मी काठीच्या टोकाला दोऱ्याचा फास करून एक नर पकडला, तळहातावर उताणा धरला आणि बोटाच्या टोकानं गळ्याची घडी हलकेच ओढून उघडली. भर उन्हात तो निळा पेटला.

बाबा वाकले. एक नजर. "खालचा नारिंगी म्हणून लिहिलायस ना? खोड ते. यात विटेचा अंश आहे." त्यांनी पिशवीतून एक लडी काढून लावली आणि ती अशी बसली की सूत कुठं संपतं आणि कातडी कुठं सुरू होते ते कळेना. मला फार अभिमान वाटला. मग त्यांनी दुसरी लडी काढली आणि निळ्या पट्ट्याला लावली. ती काळी होती.

"बाबा, हा नाही, वरचा."

"वरचाच लावलाय."

"वरचा निळा आहे."

"निळा कुठाय?" ते म्हणाले. "काळा आणि विटकरी, दोनच रंग आहेत. तू मला दोन महिने काय सांगत होतीस?"

मला वाटलं ते गंमत करतायत. त्यांचा चेहरा तसा नव्हता. मी सरडा सोडून दिला. तो चार हात लांबच्या दगडावर चढला आणि रागानं पुन्हा गळा उघडून आम्हाला दाखवू लागला. मला काही कळलं नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. ते खाली बसले. पिशवीतून नेव्हीच्या पाच आणि काळ्याच्या पाच लड्या मला वेगळ्या काढायला लावल्या, नंबर आत दुमडायला सांगितले. "पाठ फिरव. मिसळ. एकेक दे. मी सांगतो ते लिही, बरोबर की चूक मला सांगू नकोस." मी एकेक देत गेले. प्रत्येक लडी त्यांनी आधी उत्तरेकडे तोंड करून बघितली, त्यांच्या रिवाजाप्रमाणे, एकच नजर. दहा झाल्यावर म्हणाले, "वाच." दहातल्या पाच चुकल्या होत्या. सगळ्या चुका एकाच बाजूच्या होत्या: प्रत्येक नेव्ही त्यांनी काळा म्हटला होता.

बराच वेळ ते लड्या नंबरवार पिशवीत भरत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे चिठ्ठीत निळा मी जास्त लिहीत होतो. दिसेपर्यंत वाढवत होतो." थोड्या वेळानं, "मग हनीफचा कमी का भरत होता?" एसटीत ते खिडकीशी बसले. कामतघर आल्यावर एवढंच म्हणाले, "घरी बोलू नको." मी बोलले नाही. हे नोंदवणं भाग आहे: त्या संध्याकाळी मी मनात असंही म्हटलं की ते गप्प राहिले तर बरं. रंगमास्तरचा डोळा गेला असं बाहेर कळलं तर दुसऱ्या दिवसापासून त्याला कोण उभं करील? हनीफभाईंना काट्याचं काम कुठंही मिळेल. मी एकोणीस वर्षांची होते आणि हा विचार मला अगदी बिनचूक वाटला.

सकाळी बाबांनी डबा उचलला आणि मला म्हणाले, "तू पण चल. पिशवी घे."

शेठ गादीवर चहा घेत होते. "काय मास्तर, आज पोरीला पण ड्युटीला आणलंत?" बाबा सरळ उत्तरेकडच्या दरवाज्यात गेले आणि उंबऱ्यावर सहा लड्या ओळीनं मांडल्या. "शेठ, जरा इकडे या. यात काळे किती, नेव्ही किती?"

शेठनी बशी हातात घेऊनच बघितलं. "तीन-तीन. का?"

"मला सगळे काळे दिसतात."

टाकीवरचे दोघं हात थांबवून बघू लागले. वाफेचा आवाज तेवढा येत राहिला. बाबांनी तेच वाक्य हिंदीत, जरा मोठ्यानं, पुन्हा म्हटलं, म्हणजे काट्यापर्यंत जाईल. "मुझे नीला नहीं दिखता. लॉट मैंने बिगाड़े हैं. हनीफ ने नहीं."

हनीफभाई काट्यामागून उठले. त्यांनी शर्टाला हात पुसले. "मालूम था, मास्तर."

"कब से?"

"दिवाली के आसपास से. चिट्ठी में नीला बढ़ता जा रहा था. मैं थोड़ा काट के डालता था. कभी अंदाज बैठता था, कभी नहीं." त्यांनी कोपऱ्यातल्या पिंपाकडे बोट केलं. "जो काटा, सब उसी में वापस डाला है. देख लीजिए."

"अरे, तो बोला क्यों नहीं?"

"मास्तर को जाके बोलूँ कि आपको दिखता नहीं? मेरी नौकरी चली जाती."

"अबे, वो तो वैसे भी जा रही थी!" शेठ ओरडले, आणि स्वतःच्याच ओरडण्यानं त्यांच्या बशीतला चहा सांडला. टाकीवरचा एक जण हसला. मग दुसरा हसला. बाबा हसले नाहीत. ते हनीफभाईंकडे बघत होते. सहा महिने एक माणूस त्यांच्या चिठ्ठीतला निळा त्यांच्या डोळ्याच्या मापानं कापत आला होता, जमेल तसा, आणि आळ आल्यावर "गलती हो गई" म्हणून उभा राहिला होता. मी पिशवी धरून उंबऱ्याशी उभी होते. आदल्या संध्याकाळचा माझा बिनचूक विचार मी कुणालाच सांगितला नव्हता. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

शेठ व्यवहारी होते. "डोळा दाखवून या," ते म्हणाले. "तोवर दरवाज्यात हनीफ." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. भिंग पिवळं पडत तपकिरी होतं, जवळचं काही काळ उलट चांगलं दिसतं आणि निळा आधी जातो, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या काळी मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबवत. थंडीत डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा डोळ्यातलं भिंग काढून टाकत, आत नवं बसवत नसत. जाड काचांचा चष्मा मिळाला. आई म्हणाली, दागिना आता फ्रेममध्ये बसवला.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी स्वतःहून माळावर जायचं काढलं. मी फासानं एक नर धरला, उताणा केला, गळा उघडला. बाबांनी आधी डावा डोळा झाकून फक्त उजव्यानं, जुन्या डोळ्यानं, बघितलं. "काळा." मग उजवा झाकला. मध्ये काच नको म्हणून चष्मा काढला. कडा पुसट झाल्या असतील, पण रंगाला कडा लागत नाहीत. एकच नजर टाकणारा माणूस बघतच राहिला.

"निळा दिसला?" मी विचारलं.

"निळा दिसला. पण निळ्यावर अजून एक आहे."

"कुठला?"

"माहीत नाही. जांभळा नाही. जांभळ्याच्या पलीकडे जायला लागलं की... उजळ आहे. कडेनं जास्त आहे, मध्ये कमी." ते माझ्याकडे वळले. "तुला दिसत नाही?"

मला दिसत नव्हता. पुष्कळ वर्षांनी, एका बातमीच्या निमित्तानं, एका नेत्रतज्ज्ञांनी मला सांगितलं की माणसाच्या डोळ्यातलं भिंग जांभळ्यापलीकडचा प्रकाश अडवतं. भिंग काढलेल्या डोळ्यात त्यातला थोडा आत शिरतो, आणि काहींना तो दिसतो. अनेक सरड्यांना तो जन्मतःच दिसतो. आमच्या माळावरच्या सरड्याच्या गळ्यातून तो किती परत येतो हे मी मोजलेलं नाही, तेव्हा इतकंच म्हणता येईल: बाबांनी काय पाहिलं ते मला माहीत नाही. पण त्या सकाळी त्या तपकिरी मादीच्या नजरेजवळ माणसाला जितकं जाता येतं तितके ते गेले असावेत, असं मला वाटतं. अलीकडे शास्त्रज्ञांनी या सरड्यांच्या एका गटाला आपल्या भाषेतलंच सरडा हे नाव दिलं. ते वाचलं तेव्हा मी वर्तमानपत्राच्या कचेरीत होते, आणि कुणाला तरी फोन करावा असं वाटून उठले होते. बाबा तोवर गेले होते.

माळावरून आल्यावर दुसऱ्या दिवशी बाबा कारखान्यात गेले होते. शेठ म्हणाले, डोळा परत आला, आता दरवाजा सांभाळा. बाबांनी मान हलवली. "गिऱ्हाईकाला दिसत नाही ते मला दिसतं. मी लावलेली शेड फक्त मलाच लागेल." मग ते हनीफभाईंच्या जागी, काट्यामागच्या स्टुलावर जाऊन बसले. हनीफभाई चिठ्ठी हातात घेऊन उभेच राहिले, द्यावी की न द्यावी ते त्यांना कळेना. बाबांनी हात पुढे करून ती घेतली. जाड काचांतून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, ओळ न् ओळ मोठ्यानं वाचली, आणि पूड तोलण्याआधी मान वर करून विचारलं, "सही पढ़ा ना, मास्तर?"